भाडं त्याचं, जोखीम तुमची: मालवाहतुकीतले शब्द रेघ कुठे ओढतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यंत्रांचे सुटे भाग परदेशातून पहिल्यांदाच मागवताय, विकणाऱ्याने सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडं धरून) भाव दिलाय, फॉरवर्डरच्या (वाहतुकीची जुळवाजुळव करणाऱ्याच्या) कोटेशनमध्ये सीबीएम, टीएचसी, डीओ, फ्री डेज असे शब्द आहेत आणि त्यांचा सरळ अर्थ हवाय. शेवटी तुम्ही विचारलंय, 'सीआयएफ म्हणजे माल माझ्या बंदरात पोहोचेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याचीच ना?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. नाही. सीआयएफमध्ये तुमच्या बंदरापर्यंतचं जहाजाचं भाडं विकणारा भरतो, विमाही तोच काढतो. जोखीम मात्र माल त्याच्या बंदरात जहाजावर चढला की तिथेच तुमच्याकडे येते. वाटेत माल भिजला, दबला किंवा जहाजासकट बुडाला तरी विकणाऱ्याचे ठरलेले पैसे तुम्हाला द्यावेच लागतात. भरपाई मागायची ती त्याने काढलेल्या विम्यातून. तो विमाही बहुतेकदा सगळ्यात कमी संरक्षणाचा असतो, त्याविषयी पुढे सांगतो.

या धंद्यातले शब्द नुसते पाठ करून फारसा उपयोग होत नाही. संक्षेपाचं पूर्ण रूप कळलं तरी आपल्या अंगावर काय येणार ते कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला चार प्रश्न विचारा. इथून पुढचा खर्च कोणाचा? नुकसान झालं तर कोणाचं? माल ताब्यात घ्यायचा हक्क कोणाकडे? आणि घड्याळ कधी सुरू होतं, कधी थांबतं? बहुतेक संज्ञा यांतल्या एखाद्या-दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. आपण मात्र एका शब्दावरून चारही उत्तरं गृहीत धरतो आणि तिथेच घोडं अडतं.

एफओबी, सीआयएफ, डीडीपी या अटी 'इन्कोटर्म्स' नावाच्या नियमावलीतल्या आहेत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ती १९३६मध्ये पहिल्यांदा काढली. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२०पासून लागू आहे आणि तिच्यात ११ अटी आहेत. विकणारा आणि घेणारा यांच्यात खर्च, कामं आणि जोखीम कशी वाटायची एवढंच त्या सांगतात. मालकी कधी बदलते, पैसे कधी द्यायचे, माल सदोष निघाला तर काय करायचं, याबद्दल त्यांत एक शब्दही नाही. ते सगळं खरेदीच्या करारात वेगळं लिहून घ्यावं लागतं.

एका टोकाला ईएक्सडब्ल्यू, म्हणजे एक्स वर्क्स. विकणारा आपल्या आवारात माल तयार ठेवतो आणि मोकळा होतो. ट्रकमध्ये माल चढवायची जबाबदारीसुद्धा त्याची नाही, निर्यातीचे कस्टम्सचे कागदही त्याचे नाहीत. भाव कमी दिसतो म्हणून नवे आयातदार या अटीकडे ओढले जातात. पण दुसऱ्याच्या देशात निर्यातदार म्हणून कागद दाखल करायला तुमची तिथे नोंदणी असते का? पहिल्याच खेपेला ही अट घेऊ नका, असंच मी सांगेन. दुसऱ्या टोकाला डीडीपी. यात तुमच्या दारापर्यंतचा खर्च, जोखीम आणि आयात शुल्क सगळं विकणाऱ्याचं. इथे अडचण उलटी होते: तुमच्या देशात आयातदार म्हणून उभं राहायची त्याची तयारी नसते, मग ऐन वेळी कागद तुमच्या नावावर करायची धावपळ होते आणि भरलेल्या कराची वजावट कोणाला मिळणार यावरून वाद होतात. डीएपीमध्ये माल ठरलेल्या जागी पोहोचेपर्यंत सगळं विकणाऱ्याचं, आयात शुल्क आणि वाहनावरून उतरवणं तुमचं. उतरवण्याचं कामही विकणाऱ्यावर टाकणारी अट एकच आहे, डीपीयू.

आता एफओबी. विकणाऱ्याने माल निर्यातीचे सोपस्कार करून जहाजावर चढवून द्यायचा. तिथून पुढचं भाडं, विमा, जोखीम तुमची. पूर्वी जोखमीची रेघ जहाजाच्या कठड्यावर होती, २०१०च्या आवृत्तीने ती 'जहाजावर ठेवल्यावर' अशी केली. सुटा माल क्रेनने थेट जहाजात जातो तिथे हे चोख बसतं. कंटेनरच्या मालाला मात्र बसत नाही. कंटेनर बंदरातल्या यार्डात जहाजाच्या आधी काही दिवस जमा होतो. विकणाऱ्याचा त्यावर ताबा उरलेला नसतो, तरी एफओबीनुसार जोखीम अजून त्याचीच असते. यार्डात कंटेनर क्रेनवरून पडला तर कोणाचा विमा चालणार? अशा प्रकरणांत दोन्हीकडच्या विमा कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. म्हणून कंटेनरसाठी एफसीए ही अट योग्य: माल वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम बदलते. याच कारणाने कंटेनरच्या मालाला सीएफआरऐवजी (सीआयएफसारखीच, पण विम्याशिवाय) सीपीटी आणि सीआयएफऐवजी सीआयपी घ्यावी असं नियमावलीच सुचवते; या दोन्हींत भाडं विकणारा भरतो, पण जोखीम एफसीएसारखी माल वाहतूकदाराच्या हवाली केल्यावर बदलते. धंद्यात सवयीने सगळे एफओबी आणि सीआयएफच लिहितात, पण सवय आहे म्हणून पोकळी बुजत नाही.

अट लिहिताना पुढे जागेचं नाव आणि 'इन्कोटर्म्स २०२०' हे शब्द लिहायचेच. नुसतं एफओबी लिहिलेला करार अर्धवट असतो. अमेरिकेत देशांतर्गत व्यापारातही एफओबी म्हणतात आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. त्यामुळे तिकडच्या पुरवठादाराशी बोलताना हे विशेष सांभाळा.

वर म्हटलेल्या विम्याकडे येतो. मालाच्या सागरी विम्याची कलमं ए, बी आणि सी अशा तीन संचांत असतात. सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर फक्त 'सी' संचाचं बंधन आहे, रक्कम कराराच्या किमतीच्या ११० टक्के. 'सी'मध्ये आग, स्फोट, जहाज बुडणं, रुतणं, धडकणं असे मोठे अपघात येतात. चोरी येत नाही. होल्डमध्ये (जहाजातल्या माल ठेवायच्या कप्प्यात) किंवा कंटेनरमध्ये समुद्राचं पाणी शिरलं तर तेही येत नाही. तुम्ही मागवताय ते पोलादी भाग. खारं पाणी लागून गंजणं हेच तुमच्या मालाचं पहिलं भय, आणि नेमकं तेच या विम्यात नाही. 'ए' संच सर्व जोखमींचा, मोजके अपवाद सोडून. २०२०च्या आवृत्तीत सीआयपीसाठी 'ए'च बंधनकारक केलाय. तेव्हा एकतर सीआयपी मागा, नाहीतर सीआयएफ ठेवून 'ए' संचाचा विमा हवा असं करारात लिहून घ्या. माझा कल मात्र विमा स्वतः काढण्याकडे असतो, म्हणजे दावा करताना ओळखीच्या विमा कंपनीशी बोलता येतं.

कागदावर दिसणारी माणसं आता थोडक्यात. शिपर म्हणजे माल पाठवणारा, कन्सायनी म्हणजे ज्याच्या नावावर माल येतोय तो. नोटिफाय पार्टी म्हणजे माल पोहोचल्याची खबर ज्याला द्यायची तो. त्याला फक्त खबर मिळते, मालावर हक्क मिळत नाही. शिपिंग लाइनची जहाजं असतात. फॉरवर्डर तुमच्या वतीने जागा, ट्रक, कागद यांची जुळवाजुळव करतो. एनव्हीओसीसीकडे स्वतःचं जहाज नसतं, पण तो लाइनकडून जागा घेऊन स्वतःच्या नावाने बिल ऑफ लेडिंग देतो आणि कायद्याने वाहतूकदार ठरतो. कस्टम्स ब्रोकर सीमाशुल्काचे कागद दाखल करतो. एकच कंपनी यातल्या तीन-तीन भूमिका करते, म्हणून 'या व्यवहारात तुम्ही एजंट की वाहतूकदार?' हे सरळ विचारा. नुकसान झाल्यावर दावा कोणावर करायचा ते या उत्तरावर ठरतं.

बिल ऑफ लेडिंग, बोलीत बीएल, हा सगळ्यात वजनदार कागद. तो एकाच वेळी तीन कामं करतो: माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवज. हे तिसरं काम त्याला बिल्टीपासून किंवा विमानाच्या पावतीपासून वेगळं करतं. मूळ बीएल ज्याच्या हातात, माल त्याला मिळतो. मूळ प्रती सहसा तीन काढतात आणि त्यातली कोणतीही एक दाखवून माल सुटला की उरलेल्या दोन निकामी होतात. म्हणून पैसे देऊन कागद सोडवताना तिन्ही प्रती मागायच्या. एक दुसऱ्याच्या हातात राहिली तर माल तो घेऊन जाऊ शकतो.

समोर बीएल आला की मी डोळे असे फिरवतो. कन्सायनीच्या चौकटीत तुमचं नाव आहे की 'टू ऑर्डर' लिहिलंय? टू ऑर्डर असेल तर मागच्या बाजूला शिपरची किंवा बँकेची सही-शिक्का लागतो, नाहीतर लाइन माल सोडणार नाही. मग 'शिप्ड ऑन बोर्ड' आणि त्याखालची तारीख. नुसतं 'रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट' असेल तर माल यार्डात आलाय एवढंच सिद्ध होतं, जहाजावर चढल्याचं होत नाही. मग भाड्याची नोंद: 'फ्रेट प्रीपेड' (भाडं तिकडे भरलंय) की 'फ्रेट कलेक्ट' (इकडे भरायचंय). सीआयएफ खरेदीत 'कलेक्ट' दिसलं तर लगेच फोन उचला, नाहीतर किमतीत दिलेलं भाडं माल सोडवताना पुन्हा द्यावं लागेल. मग शेरे. पेट्या फुटलेल्या, गंजलेल्या, ओल्या दिसल्या तर वाहतूकदार तसं लिहितो, त्या बीएलला 'क्लॉज्ड' म्हणतात. शेरा नसेल तर 'क्लीन'. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागद बरोबर असले तर बँक पैसे देईल अशा हमीवर, व्यवहार असेल तर बँकेला क्लीनच लागतो. शेवटी 'शिपर्स लोड, स्टो अँड काउंट' किंवा 'सेड टू कंटेन' हे शब्द. सीलबंद कंटेनरात काय आणि किती भरलं ते आम्ही पाहिलेलं नाही, शिपर सांगतो ते लिहिलंय, असा त्यांचा अर्थ. त्यामुळे सील शाबूत असताना नग कमी निघाले तर लाइनकडून काही मिळवणं फार कठीण जातं.

मास्टर बीएल लाइन फॉरवर्डरला देते आणि हाउस बीएल फॉरवर्डर तुम्हाला देतो. हाउस बीएल हातात असेल तर माल सोडवायला आधी फॉरवर्डरच्या इकडच्या एजंटकडे जावं लागतं. त्याचे आकार त्याने ठरवलेले असतात, तुम्ही ठरवलेले नसतात. अंतर कमी असलं की जहाज कुरिअरच्या आधी पोहोचतं आणि मूळ कागदांअभावी माल पडून राहतो. त्यावर दोन उपाय आहेत. टेलेक्स रिलीजमध्ये शिपर मूळ बीएल तिकडेच परत करतो आणि लाइन इकडच्या कार्यालयाला माल सोडायचा निरोप देते. सी वेबिलमध्ये हक्काचा दस्तऐवज मुळात निघतच नाही, ठरलेल्या कन्सायनीला ओळख पटवून माल मिळतो. जुन्या, विश्वासातल्या पुरवठादाराशी सी वेबिल सोयीचं आहे. पहिल्या व्यवहारात विकणारा ते मान्य करत नाही आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही केलं नसतं.

तुमच्या कोटेशनमधला डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर. बीएल जमा करून, थकबाकी भरून लाइन किंवा एजंट हा कागद देतो आणि तो दाखवल्यावर यार्डातून माल बाहेर निघतो.

आता सीबीएम. म्हणजे घनमीटर. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणायची, हाताळायच्या पॅलेटसकट आणि बाहेर आलेल्या फळ्यांसकट. भाडं वजनावर घ्यायचं की आकारमानावर, याचा निकाल प्रत्येक साधनात वेगळा लागतो. समुद्रमार्गे सुट्या मालात १ घनमीटर बरोबर १ टन धरतात आणि दोन्हींपैकी जो आकडा मोठा त्यावर भाडं लागतं. कोटेशनवर ते 'डब्ल्यू/एम' असं लिहिलेलं दिसेल. विमानात ६,००० घन सेंटिमीटरला १ किलो असा हिशेब, म्हणजे १ घनमीटर साधारण १६७ किलो. बऱ्याच कुरिअर कंपन्या ६,०००ऐवजी ५,०००ने भागतात.

दोन पार्सलं घेऊन बघू. पहिलं तुमच्यासारखं: पोलादी भागांची लाकडी पेटी, १ मीटर लांब, १ मीटर रुंद, ०.८ मीटर उंच, वजन १,४०० किलो. आकारमान ०.८ घनमीटर, वजन १.४ टन. समुद्रमार्गे भाडं १.४वर, विमानानेही पूर्ण १,४०० किलोवर, कारण आकारमानावरचं वजन फक्त १३३ किलो येतं. दुसरं पार्सल हलक्या मालाचं: ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचे २० खोके, प्रत्येकी १४ किलो. एका खोक्याचे १,२०,००० घन सेंटिमीटर, एकूण २.४ घनमीटर आणि २८० किलो. समुद्रमार्गे २.४वर भाडं. विमानात खोक्यामागे २० किलो धरून ४०० किलोचं. ५,०००ने भागणाऱ्या कुरिअरकडे तेच ४८० किलो. तोच माल, त्याच दिवशी, भाड्याचं वजन २८०चं ४८० झालं. दर किलोमागे स्वस्त दिसणारं कोटेशन एकूण रकमेत महाग निघतं ते असं. म्हणून कोणत्याही दराच्या शेजारी 'चार्जेबल वेट'चा आकडा लिहून घ्या आणि भागाकार कितीने केलाय ते विचारा. पेटीवर दुसरी पेटी ठेवता येणार नसेल तर 'नॉन-स्टॅकेबल' म्हणून वरच्या रिकाम्या जागेचंही भाडं लागू शकतं. पेटीचं झाकण सपाट आणि भक्कम बनवून घ्यायला पुरवठादाराला सांगा.

विमानाचा विषय निघालाच आहे तर एअर वेबिल. त्याचा क्रमांक ११ आकडी: पहिले तीन विमान कंपनीचे, पुढचे सात अनुक्रमांकाचे आणि शेवटचा तपासणीचा. सात आकड्यांना ७ने भागून जी बाकी उरते तोच शेवटचा आकडा असतो. समजा १२३४५६७, तर बाकी ५, म्हणून शेवटी ५ हवा. ट्रॅकिंगवर 'क्रमांक सापडत नाही' असं आलं की आधी हा हिशेब करून पाहा, बहुतेकदा कोणाचा तरी आकडा चुकलेला असतो. एअर वेबिल हक्काचा दस्तऐवज नाही. कन्सायनी म्हणून ज्याचं नाव, त्याला माल मिळतो.

एफसीएल म्हणजे पूर्ण कंटेनर तुमचा, एलसीएल म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेला. वीस फुटी कंटेनरात कागदावर ३३ घनमीटर मावतात, चाळीस फुटीत ६७, हाय क्यूबमध्ये (जास्त उंचीच्या चाळीस फुटीत) ७६; प्रत्यक्ष भरताना २५ ते २८, ५५ ते ५८ आणि ६५ ते ६८ धरा. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं एकक. चाळीस फुटी म्हणजे दोन टीईयू. जड मालासाठी वीस फुटीच योग्य असतो, कारण चाळीस फुटीची जागा दुप्पट असली तरी वजनाची क्षमता दुप्पट नसते.

एलसीएलचा माल सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्या-उपसण्याच्या गोदामात, हाताळला जातो. एफसीएल सीवायमध्ये, म्हणजे कंटेनर यार्डात, दिला-घेतला जातो. एलसीएलच्या कोटेशनबद्दल एक इशारा मनापासून देतो: समुद्राचं भाडं शून्याच्या जवळ दिसलं की खूश होऊ नका. विकणाऱ्याला स्वस्त दर दाखवून माल मिळवायचा आणि उतरण्याच्या बंदरात हाताळणी, कागद, डीओ, गोदाम अशा आकारांतून वसुली करायची, ही पद्धत सर्रास चालते. सीआयएफमध्ये फॉरवर्डर विकणाऱ्याने निवडलेला असतो, त्यामुळे हे आकार तुम्हाला माल आल्यावरच कळतात. माल निघायच्या आधी इकडच्या एजंटकडून आकारांची पूर्ण यादी लेखी घ्या. तो देत नसेल तर एफसीए घेऊन फॉरवर्डर स्वतः नेमा.

टीएचसी म्हणजे टर्मिनल हँडलिंग चार्ज, बंदरात कंटेनर जहाज आणि यार्ड यांच्यात हलवण्याचा आकार. तो दोन्ही बंदरांत लागतो. उतरण्याच्या बंदरातला सीआयएफमध्येही बहुतेकदा घेणाऱ्याच्या माथी येतो. बीएएफ हा इंधनाचा अधिभार. जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२०पासून ३.५वरून ०.५ टक्क्यांवर आली, तेव्हापासून कमी गंधकाच्या इंधनाचा अधिभारही वेगळ्या नावाने दिसू लागला. पीएसएस हंगामी गर्दीचा, जीआरआय म्हणजे दरातली सरसकट वाढ. 'ऑल इन' असं लिहिलेलं असलं तरी त्यात कोणते आकार धरलेत ते नावासकट विचारा.

फ्री डेजवर थोडं थांबू, कारण नव्या आयातदाराचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कंटेनर लाइनच्या मालकीचा असतो आणि तो तुम्ही ठरावीक दिवस फुकट वापरायचा असतो. भरलेला कंटेनर बंदरात पडून राहिला तर डेमरेज. बाहेर नेल्यावर रिकामा परत करायला उशीर झाला तर डिटेंशन. समजा दोन्हींसाठी पाच-पाच दिवस फुकट आहेत. कंटेनर १ तारखेला उतरला. कस्टम्समध्ये एका कागदावरून अडला आणि ९ तारखेला बाहेर निघाला. पाच दिवस ५ तारखेला संपले, म्हणून ६ ते ९ असे चार दिवस डेमरेज. १०पासून डिटेंशनचं घड्याळ सुरू झालं, १४ला पाच दिवस संपले आणि रिकामा कंटेनर १५ला जमा झाला तर एक दिवस डिटेंशन. शिवाय टर्मिनलचं जागाभाडं वेगळं असतं, ते लाइनच्या सवलतीने थांबत नाही. दर टप्प्याटप्प्याने चढत जातात, त्यामुळे उशिराचा प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्यापेक्षा महाग पडतो.

काही लाइन दोन्ही मिळून एकत्र दिवस देतात, काही वेगवेगळे. मोजणी जहाज लागल्यापासून की कंटेनर उतरल्यापासून, सुट्ट्या धरतात की नाही, हेही प्रत्येकीचं वेगळं. जास्तीचे दिवस बुकिंगच्या वेळी मागितले तर सहज मिळतात. कंटेनर अडकल्यावर मागितले तर सगळे हात वर करतात. पूर्ण जहाज भाड्याने घेण्याच्या व्यवहारातही डेमरेज आहे, पण तिथे ते चढ-उताराला ठरलेल्या मुदतीपेक्षा, म्हणजे लेटाइमपेक्षा, जास्त वेळ जहाज अडकवल्याबद्दल जहाजमालकाला द्यायचं असतं. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. वाचताना गल्लत होऊ नये म्हणून सांगितलं.

व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन. १ जुलै २०१६पासून हा आकडा दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. भरलेला कंटेनर काट्यावर घालायचा, किंवा माल, पॅकिंग, आधाराच्या फळ्या आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन यांची बेरीज करायची. जबाबदारी शिपरची. त्याने तो वेळेत दिला नाही तर माल मागे राहतो आणि तुमचं वेळापत्रक कोलमडतं. वेळापत्रकाचेच आणखी शब्द: कट-ऑफ म्हणजे कंटेनर आणि कागद जमा करायची अखेरची वेळ, रोलओव्हर म्हणजे बुकिंग असूनही माल पुढच्या जहाजावर ढकलणं, ब्लँक सेलिंग म्हणजे ठरलेली फेरीच रद्द होणं. ट्रान्सशिपमेंट म्हणजे वाटेत जहाज बदलणं; ट्रॅकिंगवर माल दिवसेंदिवस एकाच जागी दिसतो तो सहसा तिथे. ईटीए हा अंदाज असतो, वचन नसतं. त्यावर उत्पादनाचं वेळापत्रक बांधू नका.

जनरल ॲव्हरेज हा शब्द तुमच्या कोटेशनमध्ये नाही, पण तो माहीत नसेल तर त्याचा धक्का मोठा बसतो. समुद्रात जहाज आणि माल दोन्ही वाचवण्यासाठी जाणूनबुजून काही त्याग किंवा खर्च केला, तर तो सगळ्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. वाटणी यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय नियमांनी होते. मार्च २०२१मध्ये ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं रुतलं, २३ तारखेपासून २९ तारखेपर्यंत. ते सुटल्यावर मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. ज्यांच्या मालाला ओरखडाही आला नव्हता त्यांनाही माल सोडवण्यापूर्वी हमी द्यावी लागणार होती, आणि जहाज स्वतः जुलैपर्यंत कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून पडलं होतं. विमा असेल तर अशी हमी विमा कंपनी देते, 'सी' संच असला तरीही. विमाच नसेल तर रोख अनामत भरावी लागते. विमा वाचवून खर्च कमी करू पाहणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

कस्टम्सच्या बाजूचे दोन शब्द. एचएस कोड म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपले. शुल्क त्यावर ठरतं, म्हणून विकणाऱ्याने इनव्हॉइसवर टाकलेला कोड डोळे झाकून घेऊ नका, आपल्या ब्रोकरकडून माल निघायच्या आधी पक्का करून घ्या. दुसरा शब्द आयएसपीएम १५, लाकडी पेट्या आणि पॅलेटच्या कीडमुक्तीचं मानक. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेलं असावं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह व 'एचटी' ही खूण असावी. तुमचे भाग लाकडी पेट्यांतच येणार. खूण नसेल तर पेटी अडते आणि वर सांगितलेलं डेमरेजचं घड्याळ चालूच राहतं. पुरवठादाराकडून पेटी बंद करतानाचा फोटो मागवा, त्यात ही खूण वाचता आली पाहिजे.

माल हातात आल्यावर सही करण्यापूर्वी पेट्या फिरून पाहा, सीलचा क्रमांक बीएलशी ताडून पाहा. काही फुटलेलं, ओलं दिसलं तर पावतीवर तसा शेरा लिहून मगच सही करा आणि फोटो काढा. समुद्रमार्गे आलेल्या मालात बाहेरून न दिसणारं नुकसान उतरवून घेतल्यापासून ३ दिवसांत लेखी कळवायचं असतं, आणि दावा लावायची मुदत हेग-व्हिस्बी नियमांखाली (सागरी वाहतूकदाराची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) १ वर्षाची आहे. विमानाच्या मालाला माँट्रियल कराराप्रमाणे नुकसान कळवायला १४ दिवस आणि दाव्याला २ वर्षं. मुदत चुकली नाही तरी वाहतूकदाराकडून पूर्ण किंमत क्वचितच मिळते, कारण हेग-व्हिस्बीखाली त्याची जबाबदारी नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यांत जास्त असेल तेवढ्यापुरती मर्यादित आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्यामुळे बीएलवर 'एक कंटेनर' एवढंच लिहू देऊ नका. आतल्या पेट्यांची संख्या लिहून घ्या, म्हणजे नग मोजताना त्या प्रत्येक पेटीला धरता येतं.